पारोशी जमीन

लाकडी जमिनीवर पाण्याच्या बादल्या ओतू नयेत, एवढं कळायला माणसाला किती शिकावं लागतं? माझं विचाराल तर काहीच शिकावं लागत नाही. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, एम.ए. होत्या, बी.टी. होत्या, भिंतीवर प्रमाणपत्रं टांगलेली होती, आणि तरीही त्यांनी ते करून दाखवलं. मी हा विषय काढला की घरातले एकमेकांकडं बघतात, ‘झालं, हॉलचं पुराण सुरू झालं’ म्हणतात. म्हणू देत. मला राग आला की मी बोलणार, आणि या गोष्टीचा राग माझा अजून उतरलेला नाही.

सत्तरनंतरची वर्षं होती. मी कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. शाळेचा वरच्या मजल्यावरचा हॉल म्हणजे माझं राज्य. लेझीम, कवायत, पावसाळ्यात लंगडी, सगळं तिथंच. त्या हॉलला सागवानी फळ्यांची जमीन होती. जुन्या काळी कुणीतरी हौसेनं बसवलेली, वर चपडा लाखेचं पॉलिश, आणि त्यावर मेणाचा हात. सकाळी पूर्वेच्या खिडक्या उघडल्या की अख्खी जमीन मधाच्या रंगाची दिसायची. अनवाणी पायाला ती जमीन थंडही लागायची नाही आणि गरमही. मुली तिच्यावर पडायच्या, लोळायच्या, गुडघा फुटला असं कधी झालं नाही.

ही जमीन तशी ठेवली होती एका बाईनं. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. शाळेची शिपाईण. माहेर गारगोटीकडचं, बाप सुतार. लाकूड तिला जन्मापासून माहीत. नवरा गेल्यावर ती मंगळवार पेठेत दिराच्या घरी राहत होती, म्हणजे स्वैपाकघरात चुलीशेजारी झोपत होती. सगळे जेवून उठले की अंथरूण घालायचं आणि सगळ्यांच्या आधी उठून ते गुंडाळायचं. अकरा वर्षं ती शाळेत हंगामी होती. दर जूनला नवा कागद, दर एप्रिलला तो संपलेला. शिपायाला कायम केलं की आवारातल्या दोन खोल्यांपैकी एक मिळायची, आणि त्यातली एक त्या वर्षी रिकामी झाली होती. दसऱ्यानंतरच्या सभेत मावशीला कायम करायचा ठराव येणार, असं मोठ्या बाईंनी स्वतःच्या तोंडानं तिला सांगितलं होतं. मावशी मधल्या सुट्टीत जाऊन त्या खोलीला बाहेरून बघून यायची. एकदा मला म्हणाली, “बाई, आतनं कडी हाय बगा तिला. मी खिडकीतनं बगितलो.” आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी बगितलो, मी गेलतो’ असंच बोलतात. त्या कडीचं तिला किती अप्रूप होतं ते मला तेव्हा नीट कळलंच नाही.

हॉलचा एकच नियम होता आणि तो मावशीनं केलेला होता. पायातलं दाराबाहेर. मुलगी असो, मास्तर असो, तपासणीला आलेले साहेब असोत. ती दारात उभी राहून सरळ म्हणायची, “पावणं, पायातलं काडा भाईर. हितं पोरी लोळत्यात.” तपासणीच्या साहेबांनी मुकाट्यानं बूट काढलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. त्यांच्या मोज्याला भोक होतं, ते बिचारे तासभर एका पायावर दुसरा पाय ठेवून उभे होते.

मग त्या सप्टेंबरात शाळा चालवणाऱ्या संस्थेची सभा आमच्या हॉलमध्ये ठरली. नेहमीची जागा रंगवायला काढली होती म्हणे. पन्नास-साठ पुरुष. निम्म्यांच्या पायात करकर वाजणाऱ्या चपला, निम्म्यांच्या पायात टायरचे तळ मारलेल्या, चार-दोन बूटवाले. मावशी दारात उभी. पुढं चेअरमनसाहेब. तिनं त्यांनाही तेच सांगितलं, फक्त ‘पावणं’च्या जागी ‘साहेब’ म्हणाली, एवढाच फरक. चेअरमनसाहेब उंबऱ्यावरच थांबले. त्यांनी मोठ्या बाईंकडं पाहिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “मावशी, बाजूला व्हा.”

झालं. करकर करकर करत सगळी वरात आत. मी जिन्यात उभी होते, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, हीच माणसं तालमीत गेली तर हौद्याच्या कडेला चप्पल काढतात! कितीही मोठा असो, तांबड्या मातीत पायताण घालून उतरायची कुणाची टाप आहे का या गावात? तिथं मल्ल लोळतात म्हणून ती माती पवित्र, आणि इथं पोरी लोळतात ती जमीन म्हणजे काय रस्ता? हे मी त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं बोलले. मोठ्यानं म्हणजे दार लावून.

सभा संपली आणि आम्ही दोघी आत गेलो. लोखंडी खुर्च्या ओढल्याचे ओरखडे, आणि सगळीकडं रबराचे काळे फराटे. मला रडूच कोसळलं. मावशी रडली नाही. तिनं पदर खोचला, गुडघ्यावर बसली, एका फराट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, “वरच हाय. पॉलिशच्या आत गेल्यालं न्हाई. निघतंय की.”

शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार आम्ही ती जमीन पुसली. मी नुसती हाताखाली. मी पहिल्यांदा काय आणलं असेल? फडकं भिजवून आणलं. मावशीनं ते माझ्या हातातून हिसकावून खिडकीबाहेर टाकलं. “पाणी न्हाई!” म्हणून अशी ओरडली की मीच शाळकरी पोर झाले. मग दुसरी अक्कल मी चालवली, स्पिरिट आणू का म्हणून विचारलं. तिनं कपाळावर हात मारला. लाख स्पिरिटातच विरघळवून पॉलिश करतात, तेच वर चोळलं तर पॉलिशच उठून येणार, हे सुताराच्या पोरीला माहीत, मला नाही.

तिची रीत अशी. आधी जुन्या धोतराचं कोरडं मऊ फडकं घ्यायचं आणि फराट्यावर नुसतं चोळायचं, लाकडाची रेषा जिकडं जाते तिकडंच, आडवं कधी नाही. निम्मे फराटे एवढ्यानंच जातात. त्यानं गेलं नाही तर खोडरबर. मुलींच्या शाळेत खोडरबरांना काय तोटा? वर्गावर्गातून हरवलेले तुकडे ती डब्यात साठवूनच ठेवायची. पांढरंच घ्यायचं, शाईचं खरखरीत नाही. हलक्या हातानं, वहीतलं अक्षर खोडावं तसं. त्यालाही दाद देत नसेल तर फडक्याच्या टोकाला दोन थेंब जवसाचं तेल, तेसुद्धा आधी कपाटामागच्या फळीवर लावून बघायचं, रंग बदलत नाही ना म्हणून. मग लगेच कोरडं करायचं. खुर्चीचा ओरखडा उथळ असला तर कच्चा शेंगदाणा मोडून त्यावर घासायचा. मला वाटलं थट्टा करतेय. पण तो पांढरा ओरखडा माझ्यासमोर बुजला. शेवटी मेणाचा हात आणि लोकरी कापडानं चकाकी.

रविवारी संध्याकाळी व्यासपीठाजवळचे चार फराटे तेवढे राहिले होते. मी इरेला पेटले होते, आणखी जोर लावायला गेले. मावशीनं माझं मनगट धरलं. “ऱ्हाऊ द्या, बाई. घाई केली तर डाग जाईल आन् पॉलिशबी जाईल. रोज थोडं थोडं घेतो मी. दसऱ्यापतोर जात्यात.”

पण दसऱ्यापर्यंत थांबतंय कोण? नवरात्र तोंडावर आलं होतं. घट बसायच्या आधी कोल्हापुरात काय चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. घरातली एक चिंधी न धुता राहत नाही. वाकळा, रग, चादरी, पडदे, सगळं घाटावर. फळीवरची भांडी खाली, भिंती झाडून, फरश्या धुऊन. ज्या घराला पाणी लागलं नाही त्या घरात देवी कशी बसणार, असा हिशेब. माझी आईही तेच करायची, मीही करते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दगडी फरशीवर हौदभर पाणी ओता, माझं काय जातंय!

त्या वर्षी संस्थेचं हळदीकुंकू आमच्या हॉलमध्ये करायचं ठरलं, आणि जागा बघायला चेअरमनसाहेबांच्या पत्नी आल्या. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणायचे. बाई वाईट नव्हत्या, हेही सांगते. गरिबाच्या पोरींना वह्या द्यायच्या, हाताला धरून बोलायच्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, त्या हॉलमध्ये आल्या, आणि नेमके ते चार काळे फराटे त्यांना दिसले.

“ही जमीन धुतली कधी?” त्यांनी विचारलं.

मावशीला वाटलं, कुणीतरी शेवटी आपल्या कामाचं विचारतंय. माझ्या डोळ्यांसमोर तिचा तो चेहरा आहे. ताठ उभी राहिली आणि अभिमानानं म्हणाली, “एकदाबी न्हाई, वहिनीसाहेब. अकरा वरसं झाली, पाण्याचा थेंब लावू दिल्याला न्हाई.”

वहिनीसाहेबांनी पाऊल मागं घेतलं. खरंच घेतलं, मी बघत होते. “अगं बाई! अकरा वर्षं? पारोशी जमीन ही! हिच्यावर आम्ही देवी मांडायची? सवाष्णी बसवायच्या?”

जमिनीला पारोशी म्हणालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आंघोळ न केलेलं माणूस पारोसं असतं, हे ठीक. सागवान कधीपासून आंघोळ करायला लागलं? मी म्हणाले, “वहिनीसाहेब, लाकूड आहे ते. पाणी लावलं तर खराब होतं.” त्या माझ्याकडं बघून प्रेमानं हसल्या. “व्हय की, पण आमचा देव्हारापण लाकडीच हाय. त्याला आम्ही पुसतोय की ओल्या फडक्यानं.” आणि मोठ्या बाईंकडं वळून म्हणाल्या, “माझ्याकडच्या दोघी पाठवते. सोडा, काथ्या घेऊनच येतील. तुमच्या शिपाईणबाईंना सवय दिसत न्हाई.”

सवय दिसत न्हाई! दोन दिवस गुडघ्यावर बसून ज्या बाईनं पन्नास माणसांच्या पायताणाचे डाग खोडरबरानं काढले, तिला सवय नाही! माझ्या कानातून वाफा निघत होत्या. मी मोठ्या बाईंना खोलीत गाठलं. म्हटलं, “बाई, तुम्हाला माहीत आहे हे चुकीचं आहे.” त्या म्हणाल्या, “माहीत आहे. पण सणावाराच्या गोष्टीत मी चेअरमनसाहेबांच्या घरच्यांना नाही कशी म्हणू? आणि एका धुण्यानं काय होतंय?” मी आणखी एकदा बोलले, मग गप्प बसले. माझा राग असाच आहे. कढ येतो, उतू जातो, आणि चुलीवरचं भांडं तिथंच राहतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी आल्या. गरम पाण्याचे दोन हंडे, धुण्याचा सोडा, काथ्याचे बोळे. मावशी दारात उभी राहिली. हात आडवा धरून. “मला काडा आन् मग धुवा,” म्हणाली. मोठ्या बाईंनी पुन्हा तेच दोन शब्द उच्चारले. बाजूला व्हा. आणि हळूच पुढं म्हणाल्या, “मावशी, दसऱ्यानंतर सभा आहे. कशाला वाईटपणा घेता?” मावशीचा हात खाली आला. तो कशामुळं खाली आला ते मला कळलं, मोठ्या बाईंना कळलं, आणि त्यांना ते चाललं.

सोड्याचं कढत पाणी त्या जमिनीवर पडलं. काथ्यानं आडवं-तिडवं खसाखसा घासलं. तासाभरात खालच्या पाचवीच्या वर्गातून आरडाओरडा ऐकू आला. फळ्यांच्या फटींतून मुलींच्या वह्यांवर पिवळट पाणी टपकत होतं. आणि वर? वर ती मधाच्या रंगाची जमीन सुकता सुकता पांढरी पडत गेली. राख फासल्यासारखी, इथून तिथपर्यंत. दोन दिवसांत फळ्यांच्या कडा उचलल्या. पुढं लेझीमच्या तासाला एका मुलीच्या तळव्यात फळीचं एवढं मोठं कुसळ घुसलं. आणि गंमत ऐका, व्यासपीठाजवळचे ते चार काळे फराटे होते तिथंच होते. रबराचा डाग पाण्यानं जात नाही. पांढऱ्या जमिनीवर ते आता जास्तच ठळक दिसत होते.

हळदीकुंकू दुसरीकडं केलं. वहिनीसाहेबांना खरंच वाईट वाटलं असणार, त्या परत हॉलकडं फिरकल्या नाहीत. पण चेअरमनसाहेबांनी लेखी खुलासा मागितला. संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान कसं झालं, जबाबदार कोण? आता खुलाशात काय लिहिणार? तुमच्या घरच्या हुकमानं झालं, असं लिहिणार? मोठ्या बाईंनी तीन दिवस विचार केला आणि त्यांना जबाबदार माणूस सापडला.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण तेवढ्यासाठी कुणाला थांबवून ठेवायची माझी इच्छा नाही. दसऱ्यानंतर ठराव आला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मावशीला कामावर घेतलं नाही. रिकामी खोली शाळेच्या नव्या शिपायाला मिळाली. मावशी गारगोटीकडं भावाकडं गेली असं ऐकलं. त्या फळ्या उखडून पुढच्या उन्हाळ्यात हॉलमध्ये मोझॅकच्या फरश्या घातल्या, त्यांच्यावर आता हवं तेवढं पाणी ओततात. उखडलेलं सागवान कुणाच्या घरी गेलं ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला कुणी सांगितलं नसतं.

पण मला सांगायचंय ते त्या चौथ्या दिवसाचं. मोठ्या बाईंनी मला आणि मावशीला खोलीत बोलावलं. माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. म्हणाल्या, “मावशींचा जबाब लिहून घ्या. मी सांगते तसा.” आणि सांगितलं, ‘मी गेली अकरा वर्षे या शाळेत कामावर आहे. हॉलची जमीन स्वच्छ ठेवणे हे माझे काम होते. या अकरा वर्षांत मी ती जमीन एकदाही धुतलेली नाही.’ बस. एवढंच. बघा कसब! एक अक्षर खोटं नाही. वाचणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं.

मी लिहिलं. मला कुणी म्हणेल, तू काय करणार होतीस, तुझी नोकरी गेली असती. नाही. मी जूनमध्येच कायम झाले होते. मला कुणी हात लावू शकत नव्हतं. उठून, ‘मी लिहिणार नाही’ एवढे तीन शब्द बोलले असते तर फार फार तर मोठ्या बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नसत्या. तेवढ्यासाठी मी लिहिलं. माझी चीड आज मोठ्या बाईंवर आहे, वहिनीसाहेबांवर आहे, त्या करकर वाजणाऱ्या चपलांवर आहे, पण सगळ्यात वर कुणावर आहे ते आता कळलं असेल.

मावशीनं कागद घेतला. तिला थोडं वाचता यायचं, ओठ हलवत हलवत, एकेका अक्षराखाली बोट धरून. मला वाटलं, ही आता रडणार. ती वाचून झाल्यावर म्हणाली, “खरं हाय की हे. एकदाबी धुतल्याली न्हाई मी.” आणि परत ताठ उभी राहिली, तशीच. तिला वाटलं, आपलं काम कुणीतरी शेवटी कागदावर मांडलं. तिनं सही केली. सावकाश, काना-मात्रा जपत.

मग तिनं बोट सहीच्या वर नेलं आणि मला म्हणाली, “बाई, हितं आनी एक वळ लिवा की. धुतली ती कुणी, ते. न्हाईतर साहेबास्नी वाटंल, मीच खराब केलो.”

मी मोठ्या बाईंकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी पेनाला टोपण लावलं.

“मावशी,” मी म्हणाले, “कागदावर जागा नाही.”

तिनं त्या कागदाकडं पाहिलं. निम्म्याहून जास्त कोरा होता. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, “बरं,” म्हणाली, आणि दार हलकेच ओढून घेऊन गेली.